होल्डानला अर्धं तिकीट नाही: गोचिडीच्या औषधांचं एका वर्षाचं वेबिल

मी बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. आधी केएसआरटीसी, मग खात्याची वाटणी झाल्यावर वायव्य कर्नाटक परिवहन. खानापूर-जांबोटी-कणकुंबी, खानापूर-नंदगड, अधूनमधून बेळगाव. 2021 साली रिटायर झालो आणि घरी दोन पॅसेंजर कायमचे चढले. एक गावठी, तांबूस, बुटका; चार पावलं चालला की थांबतो, म्हणून त्याचं नाव होल्डान. दुसरा कारवान, ज्याला आता सगळे मुधोळ हाउंड म्हणतात. थांबणं हा प्रकार त्याला ठाऊक नाही, म्हणून तो रैट. कर्नाटकच्या बसमध्ये एकदा तरी बसलेल्या माणसाला ही नावं फोडून सांगावी लागत नाहीत; बाकीच्यांसाठी, कंडक्टर 'होल्डान' ओरडला की बस थांबते, 'रैट' म्हटलं की सुटते.

रैट मुधोळ रूटवरच्या एका जुन्या ड्रायव्हर दोस्तानं दिलेला. त्याच्या जातीचं खुद्द पोस्टानं 2005 साली तिकीट काढलंय, त्यामुळं घरात त्याचा तोरा वेगळा. होल्डानचं तिकीट कुणी काढलं नाही. तो पावसातनं आमच्या पडवीत आला आणि राहिला.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षभरात या दोघांच्या अंगावरच्या गोचिडीसाठी मी पावडर, शाम्पू, म्हशीचं औषध, मानेवर टाकायचे थेंब आणि खायची गोळी असं सगळं आणून बघितलं. ट्रिप संपली की वेबिल, म्हणजे ट्रिपच्या हिशेबाचा कागद, भरायची सवय हाताला आहे, म्हणून हे भरतोय. नवीन कुत्रं आणलेल्या कुणाचे चार पैसे आणि एखाद्या कुत्र्याचा जीव वाचला तर बरंच आहे.

पावडर आणि शाम्पूचं आधी उरकून टाकतो. दोन्ही त्या दिवसापुरतं. शाम्पूनं आंघोळ घातली की पिसवा पाण्यात तरंगताना दिसतात, आपल्याला समाधान वाटतं, आणि आठ दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. पावडर तर कुत्रं चाटतं, नाकात जाते, आणि आपल्याच पडवीत पांढरी रांगोळी. परत घेणार नाही.

म्हशीच्या औषधाचं मात्र सविस्तर सांगायला पाहिजे.

मागच्या वर्षी पावसाळा उतरला आणि होल्डानच्या कानात बघितलं तर द्राक्षाचा घड. बोटांच्या फटीत, मानेखाली, शेपटीच्या मुळाशी, जिथं हात लावावा तिथं गोचीड. एका बैठकीत मी 41 काढल्या. मोजल्या, कारण मोजायची खोड आहे. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच परत. मग बाजारात एका खत-औषधाच्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, माणूस वाईट नाही. त्यानं फळीवरनं बाटली काढून दिली. अमिट्राझ, साडेबारा टक्के. वर म्हशीचं चित्र.

"हे कुत्र्याला चालतंय काय ओ?"

"म्हशीला चालतंय, कुत्र्याला काय हुतंय? अर्ध्या बादलीत एक टोपण टाका, अंगावर ओता, झालं."

घरी आलो. गोचिडी एवढ्या, आणि टोपण एवढंसं! मी दोन टाकली. चूक माझी आहे, ती दुकानदाराच्या नावावर टाकणार नाही. होल्डानला बादलीजवळ बसवून तांब्यानं न्हाऊ घातलं. पुसलंही नाही, उन्हात सोडलं. तो बसला अंग चाटत. रैट बादली बघूनच कुंपणावरनं पसार झाला होता. त्या दिवशीचा तो एकटा शहाणा.

दोन तासांनी नातीनं हाक मारली, "अज्जा, होल्डान उठंना झालाय." जाऊन बघतो तर डोळे अर्धे मिटलेले, तोंडातनं लाळ, कान आणि पंजे गार. हाक मारली तर शेपूटसुद्धा हलली नाही. मध्येच एकदा उलटी केली. चादरीत गुंडाळून रिक्षातनं सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टर धारवाडकडचे, मराठी समजतात पण घाईत असले की कन्नडच येतं. छातीला नळी लावून ठोके मोजले आणि पहिला प्रश्न विचारला, "बाटली आणलाय काय?"

बाटली घरी. मुलानं मोबाईलवर फोटो पाठवला तेव्हा पुढचं हललं. म्हणून आधीच सांगतो: कुत्र्याला काही बाधलं असं वाटलं की कुत्र्याबरोबर बाटली, पाकीट, जे असेल ते उचला. घरात उरलेलं काही पाजू नका, आपल्या अंदाजानं उलटी करवू नका. अमिट्राझनं कुत्रं असंच गळून पडतं, हृदयाचे ठोके मंद होतात, अंग गार पडतं, रक्तातली साखर चढते. म्हणूनच साखरेचा आजार असलेल्या कुत्र्याला ते चालत नाही, आणि म्हाताऱ्या, अशक्त कुत्र्याला फार जपून. होल्डानचं वय तेव्हा अकरा.

दवाखान्यात त्याला परत साबणानं धुतलं, ऊब दिली, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठला, चार पावलं चालला आणि थांबला. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

नंतर घरी बसून मी हिशेब केला. टोपण 10 मिलीचं. अर्धी बादली म्हणजे 5 लिटर. साडेबारा टक्क्यांच्या औषधाचं कुत्र्याच्या अंगाला लावायचं पाणी करतात ते लिटरला 2 मिली, म्हणजे दुकानदाराचं एक टोपण मापाला बरोबर होतं! मी बरोबर दुप्पट केलं. पण दुकानदाराला ते ठाऊक होतं असं नाही. त्याचं टोपण म्हशीच्या अंदाजानं आलेलं आणि योगायोगानं जुळलेलं. कुत्रं केवढं, म्हातारं की पिल्लू, त्याला आजार काय, अंगावर जखम आहे का, चाटू देऊ नका, हातात मोजे घाला, यातलं एक अक्षर त्यानं विचारलं-सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. हे औषध खरजेसाठी डॉक्टर कुत्र्यांना आजही देतात, औषध वाईट नाही. पण फळीवरनं काढून बादलीत ओतायची ती वस्तू नव्हे.

ती बाटली अजून आहे, ती कुठं आहे ते शेवटी सांगतो.

होल्डान आजारी पडल्याचं गल्लीत पसरल्यावर औषधं सांगणाऱ्यांची रांग लागली. सगळ्यात जोरात होते आमचे मेहुणे, निपाणीचे. त्यांच्याकडं प्रत्येक दुखण्यावर तंबाखू. "पाला भिजत घाला, ते पाणी अंगावर मारा, एक गोचीड राहणार नाही." गोचीड राहणार नाही हे खरंच आहे, कुत्रंही राहणार नाही. मी त्यांना एवढंच विचारलं, "दाजी, ओल्या पाल्याची तोडणी करताना बायकांना मळमळतं, गरगरतं, ते कशानं?" ते गप्प बसले. निकोटीन कातडीतनं अंगात शिरतं हे निपाणीच्या माणसाला पुस्तकातनं शिकायला लागत नाही. माणसाला पाल्याच्या नुसत्या ओलीनं होतं, तर दहा किलोच्या जिवाला त्याच्या काढ्यानं काय होईल?

दुसऱ्या एकानं सीताफळाच्या बियांची पूड सांगितली. ती डोळ्यात गेली तर डोळा जायची पाळी. रॉकेल सांगणारे तर चौघं निघाले. त्यानं कातडी भाजते, आणि चाटून छातीत गेलं तर फुप्फुसाला धोका. आमच्या मंडळींचं कडुनिंबाचं पाणी एवढंच त्यात निरुपद्रवी होतं. उपयोग झाला नाही, पण कुत्र्याला वास छान येत होता.

महिनाभरानं, होल्डान पूर्ण सावरल्यावर, दोघांना घेऊन परत डॉक्टरांकडं गेलो. म्हटलं, आता तुम्हीच सांगा. त्यांनी औषधाचं नाव काढायच्या आधी विचारलं, "तूक एष्ट ऐत्री?" वजन किती. मी म्हटलं असेल पंधरा-वीस. ते हसले. बत्तीस वर्षं लगेजचं वजन डोळ्यानं सांगत होतो, हे असलं उत्तर मला शोभत नव्हतं.

घरी येऊन वजन केलं. मी एकटा काट्यावर 71. रैटला उचलून 93.5. म्हणजे रैट साडेबावीस. होल्डानला घेऊन 81.3, म्हणजे तो 10.3. कुत्रं उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, याला ना दवाखाना लागतो ना पैसे. फक्त कारवान उचलताना त्याचे पाय कुठं ठेवायचे हा प्रश्न उरतो. चार पाय असतात पण आठ आहेत असं वाटतं.

पुढचे दोन प्रश्न जास्त महत्त्वाचे निघाले. "कधी फीट आली होती काय?" दोघांनाही नाही. आणि "घरात मांजर आहे काय?"

आहे. नातीची मनी. थंडीत ती रैटच्या पोटाशी झोपते.

हे विचारलं म्हणून मनी आज आहे असं मी मानतो, कारण तोपर्यंत मी एका औषधाच्या दुकानातनं मानेवर टाकायच्या थेंबांचं एक पाकीट आणून ठेवलं होतं आणि त्यात पर्मेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं. मांजराला ते विष आहे. मांजराच्या यकृताला ते मोडून बाहेर टाकता येत नाही. थरथर सुटते, फीट येतात, जीव जातो. मांजराला ते लावायचीच गरज नाही, नुकतंच लावलेल्या कुत्र्याच्या अंगाला अंग घासून झोपलं किंवा त्याला चाटलं तरी पुरे. पाकिटावर मांजराचं चित्र फुली मारून होतं, पण केवढं? मुंगीएवढं. ते पाकीट मी परत केलं. दुकानदारानं घेतलं, कुरकुर केली नाही, हे त्याच्या बाजूनं लिहितो.

डॉक्टरांनी आधी लिहून दिले ते नुसत्या फिप्रोनिलचे थेंब. हे मी दोघांना तीन महिने वापरले, त्यामुळं त्याबद्दल अधिकारानं बोलू शकतो. पिपेटी वजनावर असतात: 10 किलोपर्यंत 0.67 मिलीची, 10 ते 20 ला 1.34, 20 ते 40 ला 2.68. होल्डानची मधली, रैटची मोठी. पहिल्या खेपेला मी केसांवरच ओतलं, तेल लावल्यासारखं. सगळं केसांत राहिलं, कातडीला काही पोचलंच नाही, आणि वर आमच्या मंडळींनी लाडानं पाठीवरनं हात फिरवला. बरोबर पद्धत अशी: दोन खांद्यांच्या मध्ये, जिथं कुत्र्याची जीभ पोचत नाही, तिथं केसांची भांग पाडायची, कातडी दिसली पाहिजे, आणि पिपेट कातडीला टेकवून दाबायची. मोठं कुत्रं असेल तर दोन-तीन जागी. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. सुकेपर्यंत पोरांना जवळ जाऊ द्यायचं नाही, पिपेट टाकून दिल्यावर हात धुवायचे. दोन कुत्री असतील तर सुकेपर्यंत वेगळी बांधा, एकमेकांना चाटतात. घरात ससे असतील तर फिप्रोनिल त्यांना अजिबात नको.

होल्डानवर थेंबांनी छान काम केलं. महिना निवांत. रैटवर तेवढं नाही, आणि त्याला कारण रैटच. त्याला दिवसातनं एकदा मलप्रभेत उडी मारल्याशिवाय चैन पडत नाही. थेंब कातडीच्या तेलात मुरलेले असतात. रोज डुंबणाऱ्या कुत्र्यावर ते कमी टिकतात. आणि मग दुसरीच गोष्ट मनाला लागली. हे जे धुऊन जातं ते जातं कुठं? फिप्रोनिल पाण्यातल्या किड्यांना आणि मधमाश्यांना फार वाईट. इंग्लंडमधल्या नद्यांच्या पाण्यात ते सापडलेलं आहे, आणि तिथं कुत्र्यामांजरांच्या या थेंबांकडंच बोट दाखवलं गेलं. मलप्रभा कणकुंबीला उगवते, मी रोज तिच्या उगमापर्यंत बस नेली आहे. रैटनं तिच्यात उतरून ते धुवावं हे काही पटेना.

गळपट्टाही आणला होता, आठ महिने चालतो म्हणतात तसला. होल्डाननं रैटच्या गळ्यातला दुसऱ्याच दिवशी चावून तोडला. त्याचा तुकडा पोटात गेला नाही हे नशीब. दोन कुत्री खेळत असतील तर गळपट्टा नको, एवढंच माझं मत.

आता गोळी. अफॉक्सोलॅनर, नेक्सगार्ड नावानं मिळते. महिन्याला एक, मऊ, चघळायची. किमान मात्रा किलोला अडीच मिलीग्रॅम. वजनाचे टप्पे ठरलेले: 2 ते 4 किलो, 4 ते 10, 10 ते 25, 25 ते 50. आमच्या भाषेत स्टेज. बस दोन स्टेजच्या मध्ये कुठंही चढा, भाडं त्या स्टेजचंच. साडेबावीस किलोचा रैट आणि 10.3 किलोचा होल्डान दोघांनाही 68 मिलीग्रॅमची एकच गोळी. होल्डान 300 ग्रॅमनं पुढच्या स्टेजला गेला. मी डॉक्टरांशी घासाघीस करून बघितली, म्हटलं तो जेवून आला होता. त्यांनी त्यांच्या काट्यावर परत उभा केला. 10.4.

औषधाच्या दुकानात मात्र दुकानदारानंच वाट दाखवली. "कशाला दोन घेताय? ही 136 ची मोठी एकच घ्या, अर्धी अर्धी द्या. पैसे वाचतात की."

खरं सांगतो, हिशेब माझ्याही डोक्यात आला होता. 136 चे निम्मे 68. पैशापैशाला जुळतो. पण अर्ध्या तिकिटावर आयुष्य काढलेला माणूस मी. अर्धं तिकीट कुणाला द्यायचं याचा नियम असतो, ते मागणाऱ्याच्या मर्जीवर नसतं. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, त्या गोळीवर मधोमध मोडायची रेघ नाही. रेघ नाही म्हणजे दोन्ही तुकड्यांत औषध सारखं असेल अशी हमी कुणी दिलेली नाही. एकाला कमी पडलं तर गोचीड मरायची नाही, दुसऱ्याला जास्त. होल्डानला "थोडं जास्त" एकदा झालं होतं तेवढं पुरे. दोन अख्ख्या घेतल्या. आमच्याकडं एक गोळी सातशे-आठशेच्या घरात पडली. पेन्शनरला ते लागतं, खोटं कशाला बोलू.

रैटनं पहिली गोळी खाऊ समजून गिळली. होल्डाननं तोंडात धरली, कोपऱ्यात गेला आणि गोणपाटाखाली ठेवली. भाकरीच्या कुस्करलेल्या गोळ्यात कोंबून परत दिली. खाल्ल्यावर अर्धा तास नजर ठेवा, ओकून टाकली तर डॉक्टरांना विचारून मगच पुढचं. आपल्या मनानं दुसरी द्यायची नाही. रैटला त्या दिवशी जुलाब झाले, संध्याकाळपर्यंत थांबले. होल्डानला काही नाही.

तिसऱ्या दिवशी मला वाटलं पैसे गेले. रैटच्या मानेवर दोन गोचिडी चालताना दिसल्या. फोन केला तर डॉक्टर म्हणाले, गोळी गोचिडीला लांब पळवत नाही. गोचिडीनं चावायचं, रक्त प्यायचं, मग त्या रक्तातलं औषध तिच्या नसांवर काम करतं आणि ती मरते. पिसवा चोवीस तासांत, गोचीड 48 तासांपर्यंत. म्हणजे नवीन चढलेली दिसणारच. बघितलं, तर तिसऱ्या आठवड्यात सापडल्या त्या वाळलेल्या, बोट लावलं की गळणाऱ्या. टम्म फुगलेली एकही नाही. गोळी सुरू केल्यापासून शून्यावर यायला मला दीड महिना लागला. त्यातला एक महिना गोळीचा आणि पंधरा दिवस सिमेंटचे.

सिमेंटचे म्हणजे काय ते सांगतो. आमचं घर जुनं, कौलारू, भिंतीत चिऱ्याच्या फटी. कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड राहते ती बहुतेक वेळ कुत्र्यावर नाहीच. रक्त पिऊन फुगली की खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि तिथं हजारांनी अंडी घालते. पिल्लं निघाली की कुत्र्यावर, परत खाली, कात टाकून परत कुत्र्यावर, असं तीनदा चढउतार. एका ट्रिपला तीन बस बदलणारा पॅसेंजर. नुसत्या कुत्र्याला औषध देऊन भिंतीतला स्टँड तसाच राहिला तर काय उपयोग? पडवीच्या फटी मी सिमेंटनं लिंपल्या, जुनं गोणपाट जाळलं, आता त्यांना जुन्या चादरी आहेत, त्या दर आठवड्याला उकळत्या पाण्यात. भिंतींवर काही फवारायचं असेल तर कुत्री, मांजर, पोरं बाहेर काढून, आणि सुकल्याशिवाय आत नाही.

एवढं सगळं कशासाठी, असं मेहुण्यांनी विचारलं. गोचीड काय, पूर्वीपण होती. होती, आणि पूर्वी कुत्री "लागली" म्हणून मरायची तेही होतं. तीन वर्षांपूर्वी रैटचं नाक अचानक वाहायला लागलं, लाल. दोन दिवस खाल्लं नव्हतं, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. बेळगावात रक्त तपासलं, प्लेटलेट 38 हजार. निरोगी कुत्र्याला दोन लाखांच्या वर पाहिजेत. गोचीडताप. 28 दिवस डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल, रोज उकडलेल्या अंड्यात. तो वाचला. त्या 28 दिवसांत किती खर्च झाला तो मेहुण्यांना सांगितला, गोळीचा भाव मग त्यांना स्वस्त वाटला.

गोचीड नखानं चिरडायची माझी सवय मात्र त्यानंतरही सुटली नव्हती. ती आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं सोडवली. आमच्या पश्चिमेला सगळं जंगल, आणि काजूच्या हंगामात इथली माणसं घाटाखाली कामाला जातात. गोचिडीतनं माणसाला होणारा माकडताप, कन्नडात मंगन कायिले, पहिल्यांदा सापडला तो शिमोगा जिल्ह्यात 1957 साली. 2016 ला घाटाखाली दोडामार्गात त्यानं माणसं नेली. त्याची गोचीड जंगलातली, वेगळ्या जातीची, कुत्र्याच्या कानातली ती नव्हे. पण सिस्टर म्हणाली, मामा, तुम्ही काय चष्मा लावून जात बघून चिरडणार आहात का? तेव्हापासून चिमटा. कातडीलगत पकडायची, सरळ वर ओढायची, पिळायची नाही, आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. हात साबणानं.

गोळीबद्दल एक गोष्ट लपवणार नाही. या जातीच्या सगळ्या गोळ्यांबाबत, महिन्याच्या असोत की तीन महिन्यांच्या, अमेरिकेच्या औषध खात्यानं 2018 साली इशारा दिला होता: काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं, फीट असं होऊ शकतं. बंदी घातलेली नाही, बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, पण आधी फीट येऊन गेलेलं कुत्रं असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नका. आमच्या गल्लीतल्या एका लॅब्राडोरला लहानपणापासून फीट येतात. त्याच्या मालकिणीनं माझ्याकडं गोळीचं नाव मागितलं. मी दिलं नाही, डॉक्टरांचा नंबर दिला. त्याला आता थेंबच चालू आहेत. आठ आठवड्यांच्या आतल्या आणि दोन किलोच्या आतल्या पिल्लाला ही गोळी नाही. गाभण कुत्री असेल तर तेही विचारूनच. आणि एका वेळी दोन औषधं नकोत: गोळीही, थेंबही, वर बादलीही, असं आमचे एक शेजारी करत होते. गोचिडीवरचा राग मी समजू शकतो.

तर वेबिल असं. रोज पाण्यात जाणारा रैट: गोळी, पूर्ण तिकीट. घरात मांजर, नातीचा हात सारखा कुत्र्यावर: परत गोळीच, कारण ती पोटात असते, केसांवर नसते. म्हातारा होल्डान: उन्हाळ्यात आणि पाऊस उतरताना गोळी, मधल्या थंडीत डॉक्टर म्हणाले तर फिप्रोनिलचे थेंब, म्हणजे खिशालाही बरं. भिंतीच्या फटी भरल्यापासून तेवढ्यावर भागतंय. पाकीट घेताना तारीख बघा, चांदीचा कागद फाटलेला नाही ना बघा, आणि मांजराचं ते मुंगीएवढं चित्र चष्मा लावून बघा.

कालनिर्णयवर दर महिन्याच्या पाच तारखेला नात दोन पंजे काढते. एक लांबट, एक गोल.

आणि ती अमिट्राझची बाटली. मोरीत ओतली तर मलप्रभेत जाणार, म्हणून ओतली नाही. नोकरीतली माझी पत्र्याची पेटी आहे, कुलपाची. बाटली तिच्यात होती, चावी माझ्या कमरेला. गेल्या महिन्यात नंदगडचा चुलतभाऊ आला, त्याच्या चार म्हशी आहेत आणि जनावरांच्या डॉक्टरांकडनं माप घेऊनच तो औषध वापरतो. त्याला पेटी उघडून दिली. जाताना त्यानं विचारलं, "यात टोपण किती टाकायचं?"

मी म्हटलं, टोपण काढून ठेवलंय. इंजेक्शनची सिरिंज दिलीय आत, तिच्यावर मिली छापलेत.